टीका हवी, टीका हवा

घमापुर, जबलपुर
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय विहीणबाई सौ. भानुमतीजी यांना शालिग्राम ढोमणेचा नमस्कार.

चिठ्ठ्या लिहायची पाळी आपल्यावर काहून आली, ते आधी लिहून ठेवतो. उद्या नातवंडांच्या हाती हा कागद लागला तर त्यांनाही समजलं पाहिजे. माझी क्षमा आणि तुमचा विपुल नागपुरात एका कंपनीत आहेत, त्यांचं त्यांनी जमवलं. आपण दिवाळीत आमच्या घरी खोव्याची जिलेबी खाऊन पक्कं केलं. इथपर्यंत सारं झकास. मग फोनवर तुमची-माझी जुंपली. मी म्हटलं, पुरुषांवर अन्याय होऊन राहिला. तुम्ही म्हटलं, हो का, कुठं, मला दाखवा. चाळीस मिनिटं! शेवटी दोन्ही पोरांनी कायदा केला की लग्नापर्यंत तुम्ही दोघांनी फोनवर बोलायचं नाही. बोलायचंच तर चिठ्ठी लिहा. क्षमा म्हणाली, "बाबा, पाकिटाला गोंद लावेपर्यंत तुमचा गुस्सा उतरते." चलो, मंजूर.

आता ऐका. मी बँकेतून रिटायर झालो आणि रत्नाकर भैयाच्या हार्डवेअर दुकानामागं 'पुरुष व्यथा निवारण मंडळ' काढलं. नाव ऐकून तुम्ही हसल्या होत्या. सदस्य नऊ आहेत आणि सारेच रिकामटेकडे नाहीत जी. रत्नाकरचा पोरगा तनय दोन वर्षांपासून आपल्या लेकीला भेटला नाही. कोर्टाचा कागद आहे, भेट नाही. दर रविवारी खिशात चॉकलेट घेऊन बसते, वितळलं की नवीन आणते. तुमच्या सिद्धांतात तो कुठं बसते? सिद्धांत म्हणते, सत्ता पुरुषांच्या हाती. माझ्या हाती बँकेत लेजर होतं आणि घरी भाजीची पिशवी. सत्ता कोणत्या काउंटरवर मिळते तेवढं सांगा, मी लाइनीत लागतो.

आणि दहेज! आयुष्यभरात शेकड्यानं लग्नं पाहिली, माझ्यासमोर कोणी फुटकी कवडी मागितली नाही. मंडळाच्या पुस्तिकेत पान तीनवर मीच लिहिलं आहे: 'आजकाल कोणी मागत नाही.' सारी पुस्तिका स्त्रीवादाच्या आलोचनेची आहे. पाठवू का? नाराज तर नाही होणार?

एक विनंती. लग्नात कानपिळी नको. नवऱ्या मुलाचा कान मुलीच्या भावानं पिरगळायचा आणि साऱ्या मांडवानं दात काढायचे. पुरुषाचा कान काय रस्त्यावर पडला आहे? क्षमाला भाऊ नाही, तरी आमचा भाचा आर्यन आतापासून बोटं मोडून राहिला.

तुमच्या यजमानांना, दिनकररावांना सांगा, त्यांना मंडळाचं सदस्यत्व मोफत. दिवाळीत आमच्या घरी कप त्यांनीच विसळले, मी पाहिलं.

लोभ असावा, क्षोभ नसावा.
शालिग्राम

*

अकोला
२६ नोव्हेंबर २०२४

व्याहीबुवा, सप्रेम नमस्कार.

पहिलं म्हणजे ते 'सौ.' काढा. एकतीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, त्यातली पंधरा स्त्री-अभ्यास केंद्र चालवण्यात गेली. तिथं मी नुसती भानुमती मॅडम होते आणि कुणाचं काही अडलं नाही.

दिनकररावांना तुमचं निमंत्रण वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वरण उतू जातंय, नंतर कळवतो."

तनयचं मी दोनदा वाचलं, खोटं कशाला सांगू. पण मूल आईचंच, बापाला त्यातलं काय कळतं, हे आम्ही म्हटलेलं नाही हो. ते जग म्हणतं आणि आम्ही जगाशी त्याच मुद्द्यावर भांडत आलो. बापानं लेकीच्या वेण्या घालाव्यात हे सांगता सांगता वर्गात माझा घसा बसलाय. तनय माझ्या बाकावरचा आहे, तुम्ही त्याला चुकून पळवलात. आणि सत्तेचा काउंटर विचारताय? तुम्ही रिटायर झालात, तुमच्या पत्नी शकुताई कधी झाल्या ते त्यांना विचारून कळवा.

कानपिळीच्या मीही विरोधात आहे. भावानं कान धरून 'बहिणीला सांभाळ' सांगायचं, म्हणजे ती काय ठेव आहे, एका लॉकरातून दुसऱ्यात ठेवायची? कारण वेगळं, पण ठराव एक. तारीख घालून ठेवा, असा योग पुन्हा यायचा नाही.

आता तुम्ही विचारलंत, मी नाराज होईन का. अहो, उलट! टीका तर मला हवीच. लग्नाआधी झाली तर उत्तम, नाहीतर भर मांडवात, चार माणसांसमोर होऊ द्या. हात आखडता घेऊ नका आणि गोड बोलून माझी बोळवण तर मुळीच करू नका. ठोस असू द्या. आकडे द्या. आकडे आधी कळले तर मलाही तयारीला बरं. आमच्या घराला याची सवय आहे. माझ्या वडिलांकडून दिनकररावांना पहिल्याच बैठकीत अशी टीका मिळाली होती की ते अजून नाव काढतात. विपुललाही कळू दे, सासरे किती पाण्यात आहेत.

वाट पाहते.
भानुमती (नुसती)

*

घमापुर, जबलपुर
४ डिसेंबर २०२४

आदरणीय विहीणबाई,

चिठ्ठी मिळाली. तीनदा वाचली.

तुम्ही लिहिलं, टीका हवी. आम्ही इकडं टीका हवा म्हणतो. तुमच्याकडं त्यालाही स्त्रीलिंगी करून टाकलं असेल, चलो, त्यावर मी भांडत नाही. टीका होईल. मोठा होईल, मांडवात होईल, विपुलजींसमोर होईल. मुलगी झाली त्याच दिवशी बापानं समजून घ्यायचं असते, मला जरा उशिरा समजलं. फक्त आकडा तुम्ही बोला. मी कसा बोलू?

क्षमाला यातलं एक अक्षर सांगू नका, हात जोडतो.

पुस्तिका पाठवत नाही. तिचं आता काम नाही.

शालिग्राम

*

अकोला
११ डिसेंबर २०२४

व्याहीबुवा,

अहो, एवढं गंभीर व्हायला काय झालं? दोन ओळींचं पत्र, ना टोमणा ना चिमटा! मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं. दिनकरराव म्हणतात, तू त्यांना घाबरवलंस. मी म्हटलं, नऊ माणसांच्या मंडळाचा अध्यक्ष माणूस मला घाबरतोय होय!

मोठी होईल म्हणालात, आनंद वाटला. पण आकडा मी कसा बोलू? आकडे तुमच्याकडूनच यायला हवेत, मी फक्त खरे की खोटे ते तपासणार. निदान चार गोष्टी असू द्या, दोन-तीन चांगल्या वजनदार आणि एखादी हलकीफुलकी. तेवढी ऐपत तुमची नक्कीच आहे, दिवाळीत पाहिलंय मी. यादी करून पाठवलीत तर सोन्याहून पिवळं.

पोरांना कळवत नाही, ठरलं. आपलं आपल्यात.

पुस्तिका मात्र हवी हं.
भानुमती

*

घमापुर, जबलपुर
१७ डिसेंबर २०२४

विहीणबाई,

यादी मागितली, घ्या.

चांदीचं ताट, श्रीफळासकट. नवरदेवाला अंगठी. एक स्कूटर. या झाल्या तीन वजनदार. हलकीफुलकी म्हणून भिंतीवरचं घड्याळ लिहिलं आहे, पसंत नसेल तर सांगा.

आता मनातलं लिहितो. राग येऊ द्या, मला पर्वा नाही.

तुमची पहिली चिठ्ठी आली त्या दिवशी मी ती शर्टाच्या खिशात घालून घराबाहेर निघालो. कुठं चाललो ते मलाही माहीत नव्हतं. पायांनी नेलं ते महिला मदत केंद्राच्या पायऱ्यांवर. दोन वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवर आमच्या मंडळानं धरणं दिलं होतं, 'झूठी शिकायतें बंद करो' म्हणून. फलक मीच रंगवला होता. दारातल्या बाईनं मला बरोबर ओळखलं. म्हणाली, "क्यों भाईसाहब, आज भी धरना है क्या?" मी म्हटलं, "नहीं दीदी, पानी पीने आया था." तिनं खरंच पाणी दिलं. प्यालो आणि घरी आलो. तक्रार कोणत्या तोंडानं करू? आणि केली तर क्षमाचं काय?

मंडळात कोणाला सांगितलं नाही. पुस्तिकेच्या पाचशे प्रती घरी पडल्या आहेत. दुपारी बसून ब्लेडनं पान तीन कापून राहिलो. काल शकुनं पाहिलं. म्हणाली, हे काय चाललं आहे? मग सारं सांगावं लागलं, तुमच्या चिठ्ठ्या दाखवाव्या लागल्या. शकु माझ्यासारखी नाही. ती म्हणते, शिकलेल्या बाईनं आकडा मागितला तर तिथं आपली पोरगी द्यायची नाही. तुमचं या चिठ्ठीवरचं उत्तर येईपर्यंत थांबते म्हणाली, मग क्षमाला फोन करून लग्न मोडते.

विहीणबाई, तुमच्याशी भांडायला मला फार आवडत होतं. खोटं नाही सांगत. बँकेत माझ्याशी कोणी दोन वाक्यांच्या वर बोललं नाही, तुम्ही चाळीस मिनिटं भांडल्या. मी रत्नाकरला म्हटलं होतं, बाई चुकीची आहे, पण खरी आहे. तो शब्द तेवढा मला परत घ्यायला लावला तुम्ही.

शालिग्राम

*

अकोला
२१ डिसेंबर २०२४

अहो व्याहीबुवा! अहो शालिग्रामभाऊ!

आधी पाणी प्या, मग वाचा.

तुमचं पत्र मी उभ्याउभ्याच उघडलं. चांदीचं ताट वाचलं, म्हटलं काहीतरी विनोद दिसतोय. अंगठी वाचली. स्कूटर आली तेव्हा मी मोठ्यांदा ओरडले, "अहो, माझ्या टीकेत स्कूटर कुठून आली?" दिनकरराव हातात लाटणं घेऊन बाहेर आले. पुढचं वाचलं आणि मी खालीच बसले.

मग डोक्यात आलं ते 'हवा'. टीका हवा. मोठा होईल. माझी एक विद्यार्थिनी लग्न होऊन तुमच्याच बाजूला गेलीय, अश्लेषा, तिला फोन लावला. म्हटलं, "बाई, तुमच्याकडे टीका म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "मॅडम, कपाळावर लावतात तो. आणि लग्नाआधी मुलीकडचे नवऱ्या मुलाला टीका लावून ताटात ठेवतात ते सगळं. का, कुणी मागितला का?" मी म्हटलं, "हो गं, मीच मागितला!"

भाऊ, आमच्या मराठीत टीका म्हणजे तुमची आलोचना हो! निंदा, परीक्षण, चुका काढणं! तुम्ही विचारलंत ना, आलोचनेची पुस्तिका पाठवू का? मी म्हटलं पाठवा, झोडा मला, चारचौघांत झोडा. आकडे म्हणजे तुमच्या मुद्द्यांना पुरावे. चार गोष्टी म्हणजे चार मुद्दे. वडिलांनी दिनकररावांना दिली ती टीका म्हणजे, "पोरगा गबाळा दिसतो आणि फार कमी बोलतो." तेवढीच. ना ताट ना स्कूटर. ध चा मा केल्याचं ऐकलं होतं, आपण आलोचनेची स्कूटर केली!

हसून हसून मुरकुंडी वळली माझी. आणि मग, खरं सांगते, हसता हसता रडू फुटलं. त्या पायऱ्यांवर तुम्ही पाणी प्यायलात ते डोळ्यासमोरून जाईना.

तुमचं दुसरं पत्र एवढं सुतकी होतं, मला दिसलं कसं नाही? कारण मी ते वाचलंच नाही. मला हवं ते वाचलं. टीका ऐकून घेणारी मी किती मोठ्या मनाची, याच तोऱ्यात होते. माझी चूक, पदरात घ्या.

लग्न मोडायचं नाही! पोरांचा नियम तुमच्या-माझ्यापुरता होता, शकुताईंना फोन करायला बंदी नव्हती. तेव्हा हे पत्र लिहायच्या आधीच त्यांच्याशी बोलले. आम्ही दोघी वीस मिनिटं नुसत्या हसत होतो. मी म्हटलं, भाऊंना लगेच सांगा. तर त्या काय म्हणाल्या माहीत आहे? "राहू द्या जी. बायांच्या बोलण्यावर विश्वास नाही ना त्यांचा, कागद येऊ द्या. चार दिवस भाजी निवडून राहिले, कधी नव्हे ते."

एक विचारू? एवढे हक्कवाले तुम्ही, शब्दाला शब्द देणारे. माझ्याशी भांडला का नाहीत? 'का देऊ' असं एकदा तरी विचारायचं!

आणि पुस्तिका पाठवा. कापलेली चालेल.
भानुमती

*

घमापुर, जबलपुर
२७ डिसेंबर २०२४

विहीणबाई, साष्टांग नमस्कार. कंबर दुखते तरी साष्टांगच.

चिठ्ठी हाती आली तेव्हा समोर एक किलो मेथी होती. वाचलं, आणि शकुकडं पाहिलं तर ती पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती. म्हणजे चार दिवसांची मेथी, पालक, वाटाणे, सारं हिला माहीत असून! मी म्हटलं, हा अत्याचार आहे. ती म्हणाली, मंडळात ठराव मांडा. मग मी जो हसलो बाप्पा, शेजारचे विचारायला आले. मराठी आमची घरातली, शाळा सारी हिंदीत झाली, मला काय माहीत तुमची टीका इतकी गरीब असते!

रत्नाकरला सांगितलं. तो दुकानातल्या खिळ्यांच्या पोत्यावर बसून हसला. मंडळाच्या बैठकीत तुमच्या साऱ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. तनय पहिल्यांदा हसताना पाहिला. 'माझ्या बाकावरचा आहे' ती ओळ त्यानं दोनदा वाचायला लावली. तुमच्या ओळखीचं कोणी वकील आहे का, असं विचारून राहिला. बाईमाणूस असली तरी चालते म्हणाला.

आता तुमच्या प्रश्नाचं. भांडलो काहून नाही?

मी तीन दिवस विचार केला. तुम्ही मागितलं नव्हतं, हे आता समजलं. पण मी द्यायला निघालो होतो, ते तर खरंच होतं ना? तुमची ती ओळ वाचली आणि एका मिनिटात, विहीणबाई, एका मिनिटात मी मनातल्या मनात स्कूटरचा रंगसुद्धा ठरवला. कोणी शिकवलं मला? मी तर 'कोणी मागत नाही' म्हणणारा माणूस. शकुच्या बापानं दिलेलं घड्याळ आमच्या भिंतीवर आहे, ते मी मागितलं नव्हतं. चौतीस वर्षं त्याच्याखाली बसून चहा पिऊन राहिलो, आणि माझ्या यादीत पण घड्याळच आलं. काल त्याच्याकडं पाहिलं आणि मला शरम वाटली.

पान तीन परत चिकटवायला घेतलं. मंडळाची बाकी पुस्तिका तशीच राहील, तिथं मी मागं हटत नाही, मांडवात पाहून घेऊ. फक्त त्या ओळीत भर घातली आहे, पाचशे प्रतींत पेननं, हातानं. आता ती अशी आहे: 'आजकाल कोणी मागत नाही, कारण मुलीचा बाप विचारायच्या आधीच देऊन मोकळा होते.'

टीका होणार, भर मांडवात. चार मुद्दे. तयारीत राहा.

तुमचाच भाऊ,
शालिग्राम

*

अकोला
२२ फेब्रुवारी २०२५

शालिग्रामभाऊ,

पोरांचा नियम संपला, आता फोन करता येतो. पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून पत्रच. शिवाय लग्नात निम्मा वेळ तुम्ही रडत होतात, तेव्हा काय काय झालं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. लाजू नका. पुरुषाचा पहिला हक्क तुम्ही बजावलात, मंडळाच्या नोंदवहीत लिहा.

मंगलाष्टकं संपली आणि तुम्ही माइक घेतलात. भटजी बिचारे कानपिळीची वाट बघत उभे. आर्यन बोटं मोडतोय. तुम्ही म्हणालात, "आता विहीणबाईंवर टीका होईल," आणि तुमच्याकडचे निम्मे पाहुणे ताट शोधायला लागले, आमच्याकडचे निम्मे तोंडं लपवायला लागले! पहिले तीन मुद्दे मला मान्य नाहीत, त्यांची उत्तरं वेगळ्या पत्रात, आकड्यांसकट. पण चौथा. "विहीणबाई, तुमच्या शास्त्रात मुलीच्या बापाच्या भीतीचा धडा नाही. तो घाला." दिनकरराव माझ्या कानाशी म्हणाले, "आता बोल." एकतीस वर्षं मी फळ्यावर 'पितृसत्ता' लिहिलं. त्यातल्या पित्याला, बाबा रे, तुला रात्री झोप लागते का, असं एकदाही विचारलं नाही. तो धडा मी लिहितेय, भाऊ. घड्याळापासून सुरुवात केलीय.

तेव्हा बोलण्याऐवजी मी उठले आणि तुमचा कान पिळला. विपुलचा कान वाचवायचं आपण ठरवलं होतं, तुमच्याबद्दल ठराव नव्हता. पत्र चुकीचं वाचल्याबद्दल एकदा आणि द्यायला तयार झाल्याबद्दल एकदा. दुसरा जरा जोरात पिळला, त्याबद्दल क्षमस्व. मग तुमच्या कपाळाला कुंकू लावलं. व्याह्याला टीका लावणारी पहिली विहीण मीच असेन, आणि ताटात होती ती तुमची पान तीन चिकटवलेली पुस्तिका. तनय शिट्ट्या मारत होता. माझ्या ओळखीच्या वकीलबाई त्याचे कागद बघताहेत. पुढच्या रविवारी लेकीशी भेट ठरलीय, चॉकलेट वितळायच्या आत पोचायला सांगा.

शेवटी भटजींनी न राहवून विचारलं ते आठवतं? "जी, टीका तो की ती? काय म्हणायचं?" तुम्ही म्हणालात तो, मी म्हणाले ती, आणि आपली पुन्हा जुंपणार तेवढ्यात शकुताई अक्षता झटकत पुढं आल्या. त्यांनी केलेला निकाल मी माझ्या टेबलासमोर लिहून लावलाय:

"कपाळाला लागला तर तो. मनाला लागली तर ती. चला आता, जेवण थंड होऊन राहिलं."

भानुमती